बंब एक हवा की दोन?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात भिशीत माझा नंबर लागला. आम्ही १२ जणी, दरमहा ३,००० रुपये. म्हणजे हाती आले ३६,०००. भिशीचे पैसे पदराला लागायच्या आधीच घरात त्यांना पाय फुटतात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको! हे म्हणाले, "बाहेरच्या खोलीतल्या सोफ्याचं कापड किती विटलंय बघ." लेकीला गिअरची सायकल हवी होती. सासूबाईंचा सल्ला नेहमीचाच, "दोन ग्रॅम का होईना, सोनं घे बाई. अडीनडीला मोडता तरी येतं." सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग मी हळूच म्हटलं, "मला कॉफीचं यंत्र घ्यायचंय."

घरात क्षणभर सामसूम. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चहा. कॉफी म्हणजे उपासाला, नाहीतर कोजागिरीनंतरच्या जागरणाला. तेव्हा सुनेचं हे काय नवीनच खूळ, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

पण त्याला कारण आहे. आमचे धाकटे दीर बंगळूरला नोकरीला असतात. कंपनीने त्यांना सहा महिन्यांसाठी परदेशी पाठवले, तेव्हा तिथले बिऱ्हाड आवरून चार खोकी त्यांनी आमच्याकडे आणून ठेवली. त्यातल्या एका खोक्यात एस्प्रेसो कॉफीचे यंत्र होते. "वहिनी, पडून राहण्यापेक्षा तुम्ही वापरा," असे म्हणून त्यांनी ते एकदा चालवून दाखवले आणि गेले.

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. साडेबाराला घरी, मग राहिलेला स्वयंपाक, जेवणे, आवराआवर. आणि चार वाजता शिकवणीची मुले दारात. मधला तीन ते साडेतीन एवढाच काय तो अर्धा तास. आमच्या भिवंडीत दिवसभर मागांची खडखड चालू असते. तिची आम्हाला इतकी सवय, की वीज जाऊन माग थांबले म्हणजे उलट दचकायला होते. तर त्या खडखडाटात, खिडकीशी बसून, एक कप कॉफी. ती मी कुणासाठी केलेली नव्हती, आणि कुणी 'माझाही टाक ग' म्हणून त्यात वाटेकरी झाले नव्हते. लग्नाला १३ वर्षे झाली. चहाचे आधण मी रोज टाकते, पण स्वतःपुरते काही करून घेतल्याचे मला आठवेना. दोन महिन्यांत त्या कपाची अशी सवय लागली म्हणता!

आणि मग माझ्याच हातून ते यंत्र बिघडले.

झाले असे की भिशी आमच्या घरी होती. म्हटले, चला, आज सगळ्यांना हॉटेलसारखी फेसाळ कॉफी पाजू. एकेक कप करायला तीन-चार मिनिटे. बाहेर १२ जणी खिदळत होत्या आणि मी आपली ओट्याशी उभी. अर्धा तास झाला तरी आठवाच कप. वाफेचा जोर मंदावला, तरी मी बटण सोडले नाही. एकाएकी जळका वास आला, खटका पडला आणि स्वयंपाकघरातली वीज गेली. उरलेल्या जणींना मी चहा दिला आणि यंत्रावर फडके टाकले.

पुढचे आठ दिवस भाऊजींचा फोन आला की मी यांच्या हातात देऊन मोकळी. परक्याची वस्तू, तीही महागाची, आणि आपण मोडली. घास गोड लागेना.

शेवटी धामणकर नाक्याकडे मागाच्या मोटारी बांधून देणारे एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांच्याकडे यंत्र नेले. सासूबाई भाजीसाठी बरोबर आल्या होत्या. कारागिरांनी चार स्क्रू काढले आणि आतून पेल्याएवढी एक पितळी डबी बाहेर काढली. तिच्यातली तापणारी कॉइल काळी ठिक्कर पडली होती. "भाभी, आतलं पाणी संपलं होतं. मोटार असो की हे, कोरडं चालवलं की जळणारच."

सासूबाई वाकून बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अगं, म्हणजे हा बंबच की!"

सासूबाई १९८० साली लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा मागच्या पडवीत तांब्याचा मोठा बंब होता. ज्या मैत्रिणींनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. बंबाच्या मधोमध एक नळकांडे असते, त्यात लाकडे आणि गोवऱ्यांचा जाळ, भोवती पाणी. वरून तांब्याभर गार पाणी ओतले की तोटीतून तेवढेच कढत पाणी बाहेर येते. पहाटे पाचला उठून तो पेटवायचा हे थोरल्या सुनेचे काम. आणि पहिला नियम असा की पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही, नाहीतर डाख सुटतो आणि बंब गळायला लागतो. "हे तुला माहीत असतं तर यंत्र जळलं नसतं," सासूबाई म्हणाल्या. खरेच होते ते.

दुरुस्तीचे २,८०० रुपये झाले. ते भिशीच्या पैशांतून मी सर्वांत आधी बाजूला काढले. त्याच रात्री भाऊजींना फोन करून सगळे सांगितले. ते हसायलाच लागले. "वहिनी, मला वाटलं होतं तुम्ही ते खोक्यातून बाहेरच काढणार नाही." मनावरचा दगड उतरला. पण ते परत आले की त्यांचे यंत्र त्यांच्याकडे जाणार. म्हणून मला माझे हवे होते. आणि या खेपेला, आत काय आहे ते समजून मगच पैसे टाकायचे, असे ठरवले.

तेच आज तुम्हाला सांगायचे आहे. कारण दुकानदार रंग दाखवतो, काटे-बटणे दाखवतो, पण आतला बंब कसला आहे ते सांगत नाही. आणि किंमत, विजेचे बिल, दुरुस्ती आणि आपण ओट्याशी किती वेळ उभे राहणार, हे सगळे बरेचसे त्या बंबावर ठरते.

आधी यंत्र करते काय ते पाहू. अगदी बारीक दळलेली कॉफी एका जाळीच्या वाटीत घट्ट दाबून बसवायची. तिच्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी, हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाबाने, २५ ते ३० सेकंदांत ढकलायचे. जे दोन-तीन घोट दाट, तपकिरी सायीचे द्रव्य उतरते, ती एस्प्रेसो. हा दाब देतो पंप. बंबाचे काम पाणी तापवण्याचे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५ बार' लिहिलेले असते, ती पंपाची कमाल ताकद. कपाला ९ पुरतात. तेव्हा त्या आकड्याला भुलू नका.

आता दूध. ते फेसाळायला हवी जोरदार वाफ, म्हणजे बंबातले पाणी १२० ते १३० अंशांपर्यंत तापले पाहिजे. पाणी तर १०० अंशांना उकळते, मग हे कसे? आपल्या कुकरमध्ये होते तसेच. झाकण बंद, शिट्टीचे वजन वर. आतला दाब जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. कॉफीच्या यंत्राचा वाफेचा बंब म्हणजे एक छोटा कुकरच समजा.

गोम इथेच आहे. कॉफीला पाणी हवे ९३ अंशांचे आणि दुधाला वाफ हवी १२५ अंशांची. वाफेच्या बंबातले पाणी कॉफीवर सोडले तर ती करपट, कडू होते. कॉफीच्या पाण्याने दूध फेसाळत नाही. ही अडचण सोडवायला माणसांना फार वर्षे लागली. इटलीत तुरीन शहरात आंजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ साली एकेका कपाचे यंत्र आणले. पण त्यात बंबातला दाबच पाणी ढकलायचा, त्यामुळे पाणी फार तापलेले आणि जोर कमी. आकिले गाज्जा यांनी दांडा आणि स्प्रिंगने दाब देण्याची युक्ती काढली आणि १९४८ च्या सुमारास ती यंत्रे बाजारात आली. कॉफीवर दाट साय धरू लागली ती तेव्हापासून. मग १९६१ साली फाएमा कंपनीने विजेच्या पंपाचे 'ई ६१' यंत्र काढले. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला युरोपात खग्रास सूर्यग्रहण झाले होते, त्यावरून हे नाव. ग्रहणात आपण पाणीसुद्धा पीत नाही, आणि त्यांनी ग्रहणाचे नाव कॉफीच्या यंत्राला दिले!

आपल्याकडे 'एस्प्रेसो' म्हटले की मोठ्या बायकांना आठवतो तो लग्नाचा हॉल. सासूबाईंच्या धाकट्या भावाचे लग्न १९८६ साली झाले, तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यात चकचकीत पिंप, त्याला नळी, फुस्स आवाज, आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली कॉफी. सासूबाईंना तिची चव अजून आठवते. पण त्या पिंपात नुसती वाफ असते. दूध, साखर आणि झटपट विरघळणारी कॉफी जगात घालून वाफेने फेसाळायची, की झाले. म्हणजे खऱ्या यंत्राचे अर्धेच काम. तरी फेस काय झकास असायचा, हे मात्र कबूल करायला हवे.

आता प्रकार सांगते. मुख्य प्रकार चार.

पहिला, धावत्या पाण्याचा ठोकळा. याला इंग्रजीत थर्मोब्लॉक म्हणतात. बंब नसतोच, धातूचा तापलेला ठोकळा आणि त्यात नागमोडी अरुंद वाट. पाणी जाता जाता तापते. आपला झटपट गरम पाणी देणारा लहान गिझर आठवा. मिनिटभरात यंत्र तयार, वीज बेताची, किंमत कमी. उणीव अशी की वाफ जरा ओलसर येते, फेस व्हायला वेळ लागतो, आणि पाणी जड असेल तर अरुंद वाटेत क्षार साचून ती तुंबते.

दुसरा, एकच लहान बंब. भाऊजींच्या यंत्रात हाच. पाण्याचे माप फार थोडे, म्हणजे १०० ते ३०० मिलिलिटर. आधी ९३ अंशांना कॉफी काढायची, मग वाफेचे बटण दाबून मिनिट-दीड मिनिट थांबायचे आणि दूध फेसाळायचे. पुढचा कप करायचा तर पाणी सोडून बंब परत भरायचा आणि गार करायचा. एक-दोन कपांना उत्तम, पंगतीला निरुपयोगी. मी आठ कपांत वाफ सोडतच गेले, बंब भरलाच नाही, आणि कॉइल जाळली.

तिसरा, बंबात नळी. दीड-दोन लिटरचा मोठा बंब कायम वाफेच्या तापमानावर, आणि त्याच्या पोटातून एक नळी गेलेली. कॉफीचे ताजे पाणी त्या नळीतून जाताना हवे तेवढेच तापते. आपल्या जुन्या बंबात नळकांड्यात जाळ आणि भोवती पाणी. इथे नळीत कॉफीचे पाणी आणि भोवती कढत पाणी-वाफ. कॉफी आणि दूध दोन्ही एकदम करता येतात. मात्र यंत्र थोडा वेळ नुसते उभे राहिले की नळीतले पाणी जास्त तापते. म्हणून कपाआधी थोडे पाणी सोडून द्यावे लागते. पुरते तापायला अर्धा तास धरा.

चौथा, दोन बंब. एक कॉफीचा, एक वाफेचा. प्रत्येकाला आपापला तापमापी. कसली वाट पाहणे नाही, कसला अंदाज नाही. कप पाठोपाठ कप. पण यंत्र जड, ओट्याची जागा खाणारे, आणि किंमत बहुधा लाखाच्या घरात. तिसऱ्या प्रकाराचीही तीच गत.

हे सगळे ऐकून झाल्यावर आमच्या ह्यांचा उत्साह एकदम वाढला. "घ्यायचंच तर दोन बंबांचं घेऊ. वरचे पैसे मी घालतो, हप्ते करू. पाहुणे आले की कशी फक्कड सोय होईल! तुला उभं राहायला नको."

बोलणे प्रेमाचेच होते. दोन दिवस मीही भुलले. मग वहीत हिशेब मांडला. मास्तरीणच मी, तोंडी पटत नाही.

पहिला हिशेब विजेचा. पाव लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ पर्यंत न्यायला सुमारे ०.०२ युनिट वीज लागते. दीड लिटर पाणी २५ वरून १२५ अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.१७ युनिट. म्हणजे आठपट! धातू तापायला लागते ती वेगळी, आणि मोठे यंत्र अर्धा तास तापत ठेवायचे ते वेगळे. दिवसभर कप लागत असतील तर हे अंगी लागते. मला दुपारी तीनला एक कप हवा. त्यासाठी अडीचपासून दीड लिटर पाणी तापवायचे?

दुसरा हिशेब सॉकेटचा. आपल्या मिक्सरचे साधे सॉकेट ६ अँपिअरचे. २३० व्होल्ट गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅट. त्यापलीकडे त्याला भार झेपत नाही. लहान यंत्रेसुद्धा पुष्कळदा १,३०० ते १,५०० वॅटची असतात, आणि दोन्ही बंब एकदम तापवणारी यंत्रे ३,००० च्या जवळ जातात. तेव्हा गिझरचे असते तसे १६ अँपिअरचे सॉकेट हवे आणि अर्थिंग पक्के हवे. जुन्या घरात वायरिंग तपासून घेतल्याशिवाय यंत्र आणूच नका.

तिसरा हिशेब पाण्याचा. आमच्याकडे कधी नळाचे पाणी, कधी टँकरचे, कधी बोअरचे. बादलीला पांढरी पुटे चढतात, तशीच बंबाला चढतात. लहान बंब किंवा ठोकळा घरी साफ करता येतो. नळीच्या आणि दोन बंबांच्या यंत्रांत मात्र सुटलेले खपले बारीक वाटांत अडकू शकतात, म्हणून ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. 'मग आरओचे पाणी घालू' म्हणाल, तर त्यातही मेख आहे. मोठ्या बंबात पाणी किती आहे हे कळण्यासाठी एक कांडी असते; पाण्यात थोडे क्षार असतील तरच तिला ते कळते. अगदी निक्षार पाणी घातले तर भरलेला बंबही तिला रिकामा वाटतो.

चौथा हिशेब मात्र वहीत मांडता येईना. तो सासूबाईंनी तोंडी सांगितला. रात्री भांडी लावताना मी त्यांना म्हटले, "हे म्हणतात दोन बंबांचं घेऊ, पाहुण्यांना बरं." त्या म्हणाल्या, "आमचा आधीचा बंब लहान होता. मामंजींनी मोठा आणला, सगळ्यांना कौतुक. मग काय, आला-गेला प्रत्येक जण आमच्याकडे आंघोळीला. बंब मोठा झाला तशी रांग मोठी झाली. घालणारी मी एकटीच होते."

मैत्रिणींनो, मला एकदम उलगडा झाला. भिशीच्या दिवशी माझे यंत्र जळले ते काही ते लहान होते म्हणून नव्हे. एका कपाचे यंत्र मी १२ कपांना जुंपले म्हणून. मोठे यंत्र घेतले असते तर ते जळले नसते एवढेच. ओट्याशी उभी मीच राहिले असते, आणि रोज कुणी ना कुणी आले असते. मग तीन वाजताचा माझा कप पुन्हा सगळ्यांचा झाला असता. पाहुण्यांसाठी आमच्या घरी चहा आहे, चांगला आल्याचा, पातेलेभर एकदम होतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

ह्यांना मी एवढेच म्हटले, "हे यंत्र माझं आहे. माझ्या भिशीचं. ते एका माणसापुरतंच हवं." ते थोडे हिरमुसले खरे. पण दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून १६ अँपिअरचे सॉकेट त्यांनीच बसवून घेतले. आमच्याकडे होकार असाच येतो!

तर घेतले ते एकाच पितळी बंबाचे, २२,००० ला. ठोकळ्याचे स्वस्तात मिळत होते, पण आमच्या पाण्यात ते टिकेल याची मला खात्री वाटेना. आणि हे बिघडले तर नाक्यावरचे कारागीर उघडून दुरुस्त करू शकतात. ५,००० ची हाताने फिरवायची चक्की घेतली. ती चैन समजू नका. कॉफी आयत्या वेळी आणि एकसारखी दळली नाही तर लाखाचे यंत्रही हात टेकते. पूड भरड असली तर पाणी भसकन निघून जाते, फार बारीक असली तर थेंब उतरत नाही. दुरुस्ती धरून २९,८०० झाले. उरलेले ६,२०० लेकीच्या सायकलीत घातले. सोफा आहे तसा आहे.

आता प्रत्येकीने यंत्रच घ्यावे असे मुळीच नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत. दुधाच्या चांगल्या कॉफीसाठी दक्षिणी पितळी किंवा स्टीलचे फिल्टर काही शे रुपयांत येते. गॅसवर ठेवायचे मोका पात्र, जे इटलीत १९३३ पासून निघते, त्यातही दाट कॉफी उतरते. घरी रोज चार-पाच जण एकदमच दुधाची कॉफी पिणार असतील, करणारे हातही दोघा-तिघांचे असतील आणि पैशाची ओढ नसेल, तर बंबातल्या नळीचे किंवा दोन बंबांचे यंत्र जरूर घ्यावे. पाण्याची तक्रार नसेल, घाईची नोकरी असेल, तर ठोकळा बरा. पण घेण्याआधी स्वतःला विचारा: पिणार किती जण, आणि करणार कोण? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'मी एकटी' असेल, तर बंब लहानच असू द्या.

जाता जाता वापरताना घ्यायची काळजी.

वाफ काढून झाली की पंप चालू करून नळीतून पाण्याची सलग धार येईपर्यंत थांबा. बंब भरला याची ती खूण. हे विसरलात तर माझ्यासारखे २,८०० मोजाल.

दूध रतिबाचे असेल तर आधी उकळून, गार करून, साय काढून मगच घ्या. फ्रिजमधले गार दूध चांगले फेसाळते. ६० ते ६५ अंशांना थांबावे, म्हणजे भांड्याला तळहात टेकवता येईनासा झाला की बस. त्यात दुधाची गोडी राहते. सासूबाईंना मात्र चटका बसल्याशिवाय कॉफी प्यायल्यासारखी वाटत नाही. त्यांच्यासाठी कप आधी गरम पाण्याने विसळून घेते.

वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा, नाहीतर आत दूध सुकून बसते. दाब असताना कॉफीची मूठ कधीही काढू नका. लहान मुलांना कुकरपासून लांब ठेवतो तसे यापासूनही ठेवा.

पूड चिकोरी नसलेली घ्या. लहान बंबाची पुटे काढायला लिंबूसत्त्व चालते. पण प्रमाण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेतले पाहा, कारण पितळ, स्टील आणि अॅल्युमिनियम यांना एकच माप लावून चालत नाही. नंतर दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी सोडा.

एक सांगायचे राहिले. तीन वाजताचा कप एकटीचा म्हणून मी एवढी भांडले खरी, पण परवा सासूबाई दुपारी उठून स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "ती लग्नातल्यासारखी होते का ग यात?" मी त्यांची कॉफी काढली, वाफेचे बटण दाबले. दीड मिनिट थांबायचे होते. त्या स्टुलावर बसल्या. पहाटे बंब पेटवला की पाणी तापेपर्यंत त्या पडवीच्या पायरीवर अशाच बसून राहत, म्हणाल्या. दिवसभरात तेवढेच काय ते बसणे. इतक्या वर्षांत हे त्या मला प्रथमच सांगत होत्या. मग दिवा लागला, दूध फेसाळले, वर मी चॉकलेटची पूड भुरभुरली. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "फेस तसाच आहे. साखर कमी आहे."

दोन कपांना आमचा बंब पुरतो.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याआधी गाद्या-उशांना ऊन देण्याविषयी. तोवर नमस्कार.